इंजिनात वारा कुठून शिरतो?

पपईच्या पानाचा देठ पोकळ असतो. त्या नळीने मुले पाणी ओढून पितात. नळीला मध्येच भोक पडले तर काय होते? तोंडात पाणी कमी येते, वारा जास्त येतो. जुन्या पेट्रोल गाडीचेही तसेच होते.

इंजिनातला दट्ट्या खाली सरकतो, तेव्हा तो हवा आत ओढतो. जुन्या गाडीत ही हवा कार्बुरेटरमधून येते आणि येताना पेट्रोल घेऊन येते. १ किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १५ किलो हवा लागते. पण कार्बुरेटर आणि इंजिन यांच्या मधली रबरी नळी चिरली, किंवा जोडाचे पॅकिंग सुकले, तर तिथूनही हवा शिरते. हवा वाढते, पेट्रोल तेवढेच राहते. माप बिघडते.

मग उभ्या गाडीचे इंजिन थरथरते, बंद पडते. कधी आपोआप जोरात फिरते. पुष्कळ लोक अशा वेळी कार्बुरेटरचा स्क्रू पिळत बसतात. त्याने भोक बुजत नाही.

भोक असे शोधावे. गाडी मोकळ्या जागी उभी करा. बंद जागेत इंजिनाचा धूर जीव घेतो. गिअर काढा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. इंजिन गार असताना नळ्या वाकवून पाहा. चिरा दिसतील.

मग इंजिन चालू करा. हात आणि कपडे पंख्यापासून दूर ठेवा. हातभर रबरी नळी घ्या. एक टोक कानाशी धरा, दुसरे जोडांजवळून फिरवा. फुसफुस मोठी झाली, की तिथे थांबा. त्या जोडावर पाण्याचे चार थेंब टाका. विजेच्या तारा आणि तापलेली धुराची नळी यांवर पाणी पडू देऊ नका. पाणी आत ओढले जाऊन इंजिनाची चाल बदलली, की समजा, चोर सापडला.

कोणी पाण्याऐवजी पेट्रोल टाका म्हणेल. मुळीच ऐकू नका! भडका उडेल.

आणखी एक. काही गाड्यांत ब्रेकला याच ओढीचा जोर मिळतो. इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबा. मग पाय तसाच दाबून ठेवा आणि इंजिन चालू करा. पायाखाली ब्रेक थोडा खाली गेला, तर ठीक. नाही गेला, तर त्याची नळी मिस्त्रीला दाखवा. तोवर गाडी रस्त्यावर काढू नका. नळी स्वस्त आहे, माणूस नाही.