‘द हॉबिट’: कादंबरीवरच्या एका जुन्या खेळाचा इतिहास शोधताना

जे. आर. आर. टॉल्कीन यांची ‘द हॉबिट’ ही कादंबरी १९३७ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यावर बेतलेला त्याच नावाचा संगणकीय खेळ मेलबर्नच्या बीम सॉफ्टवेअर या कंपनीने १९८२ साली बाजारात आणला. चार दशकांपूर्वीच्या खेळाचा इतिहास लिहिणे वरवर सोपे वाटते, कारण त्याच्या कॅसेटी टिकून आहेत आणि निर्मात्यांच्या मुलाखतीही उपलब्ध आहेत. परंतु येथे अभ्यासकाला आधी हे ठरवावे लागते की नेमके वाचायचे काय. कादंबरीचे पान प्रत्येक वाचकासमोर तेच असते, हा खेळ मात्र एकदा घडला तसा पुन्हा घडेलच याची शाश्वती नाही.

मजकुरावर चालणाऱ्या साहसखेळात पडद्यावर एखाद्या जागेचे वर्णन येते, खेळाडू पुढे काय करायचे ते टाइप करतो आणि त्यानुसार गोष्ट सरकते. या प्रकारचा आद्य खेळ ‘ॲडव्हेंचर’ १९७०च्या दशकात अमेरिकेत तयार झाला होता. मेलबर्न विद्यापीठात संगणकशास्त्र शिकणाऱ्या व्हेरोनिका मेग्लर यांना तो आवडला होता, पण एकदा कोडी सुटली की त्यात राम उरत नाही, हेही त्यांना जाणवले होते. १९८१ साली बीममध्ये अर्धवेळ काम मिळाल्यावर त्यांनी फिलिप मिचेल यांच्याबरोबर जी रचना केली, तिच्या मुळाशी ही नाराजी होती. या खेळातील पात्रे खेळाडूची वाट पाहत उभी राहत नाहीत. प्रत्येक पात्राला करण्याजोग्या कृतींची एक यादी दिलेली असून खेळाडू स्वस्थ बसला तरी गँडाल्फ आणि थॉरिन आपापले उद्योग करत राहतात. मिचेल यांनी मुख्यतः ‘इंग्लिश’ नावाच्या, पूर्ण वाक्ये समजून घेणाऱ्या भाषायंत्रणेचे काम पाहिले. पूर्वीच्या बऱ्याच खेळांना दोन शब्दांपलीकडे काही उमगत नसे.

पात्रांच्या या स्वतंत्र वागण्याचा परिणाम गॉब्लिनांच्या तुरुंगात उत्तम दिसतो. तिथली खिडकी नायक बिल्बोच्या आवाक्याबाहेर असल्यामुळे खेळाडूने थॉरिनला आपल्याला उचलून घ्यायला आणि मग खिडकीतून बाहेर पडायला सांगायचे असते. परंतु थॉरिन कधी गात बसतो, आणि वाटेत आधीच मारला गेला असेल तर मदतीलाही नसतो. टॉल्कीन यांच्या कथेत त्याला शेवटच्या लढाईपर्यंत मरण नाही. खेळात ते कधीही येऊ शकते. रूपांतर म्हणून याला कुणी बेइमानी म्हणेल, पण कथेतील माणसांना स्वतःचे मन देण्याचा हा त्या काळातील सर्वांत धीट प्रयत्न होता, असेच म्हणावे लागते.

हे सारे झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाच्या ४८ किलोबाइट स्मृतीत कोंबायचे होते. त्यामुळे चित्रेही साठवलेली नसून रेषा आणि रंग भरण्याच्या सूचनांवरून खेळाडूसमोर हळूहळू काढली जात. अशा दाटीत चुका राहणारच, आणि इतिहासकाराच्या दृष्टीने त्याच मोलाच्या आहेत: निर्मात्याची आठवण गोष्ट साफसूफ करून सांगते, तर अनपेक्षित वागणारे पात्र मूळ यंत्रणा कशी चालत होती ते उघड करते. म्हणूनच कॅसेटच्या निरनिराळ्या आवृत्त्या ताडून पाहणे, आज्ञावली उलगडून तिच्यातील नियम वाचणे आणि जुना संगणक नव्या यंत्रावर हुबेहूब चालवणाऱ्या इम्युलेटरमध्ये पडद्याआडची पात्रे काय करत होती ते पाहणे, हे या संशोधनाचे मुख्य मार्ग ठरतात. १९८४ साली प्रकाशक मेलबर्न हाऊसने काढलेले मार्गदर्शक पुस्तक आणि तत्कालीन मासिके यांवरून खेळाडू कुठे अडत होते तेही कळते.

श्रेयाचा हिशेब मात्र यंत्रातून निघत नाही. खेळ विक्रीला येण्याच्या सुमारास मेग्लर कंपनी सोडून आयबीएममध्ये गेल्या होत्या, आणि खेळाविषयी बोलताना बराच काळ मिचेल यांचेच नाव पुढे येत राहिले. हेलन स्टकी यांच्यासारख्या ऑस्ट्रेलियन अभ्यासकांनी खेळाडूंच्या आणि निर्मात्यांच्या आठवणी गोळा करायला सुरुवात केल्यानंतर, आणि अलीकडच्या मुलाखतींतून, मेग्लर यांचा वाटा ठळकपणे समोर आला.