उतरलेली किंमत, न उतरलेला खर्च

मर्सिडीजची ए-क्लास २०१३च्या मे महिन्यात भारतात आली तेव्हा तिची शोरूमची किंमत बावीस लाखांच्या घरात होती. त्याच वर्षी बीएमडब्ल्यूने वन सिरीज आणली आणि व्होल्वोने व्ही-४० क्रॉस कंट्री. मर्सिडीजची बी-क्लास आदल्याच वर्षी रस्त्यावर उतरली होती. चारही गाड्या लांबीला होंडा सिटीहून आखूड, पण बोनेटवरचे चिन्ह मोठ्या घरचे. हा वर्ग आपल्याकडे फार रुजला नाही. तेवढ्याच पैशात लोकांनी उंच एसयूव्ही घेतल्या आणि २०२०च्या सुमारास ही दुकाने जवळपास मिटली. २०२१मध्ये ए-क्लास परतली, ती मागे डिकी जोडलेली लिमोझिन म्हणून. पहिल्या लाटेतल्या गाड्या मात्र दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे फिरत आहेत आणि वय, इंजिन, अवस्था पाहून साधारण पाच-सहा ते दहा लाखांच्या दरम्यान मिळतात. बुऱ्हाणपूरसारख्या यंत्रमागाच्या आणि केळीच्या पैशावर चालणाऱ्या गावात एवढी रक्कम उभी करू शकणारी घरे पुष्कळ आहेत. नवी बलेनो किंवा आय-२० घ्यायची की त्याच पैशात जुनी मर्सिडीज, हा प्रश्न म्हणूनच आता पुण्या-इंदूरपुरता राहिलेला नाही.

या प्रश्नाचे उत्तर गाडीच्या किमतीत शोधणे हीच पहिली चूक. गाडीची बाजारातली किंमत दरवर्षी उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. बावीस लाखांची गाडी सात लाखांना मिळाली म्हणून तिचा हेडलाइट, गिअरबॉक्सचा कंट्रोल युनिट किंवा एसीचा कॉम्प्रेसर तिसऱ्या हिश्शाच्या किमतीत मिळत नाही. उलट आयात शुल्क आणि रुपयाची घसरण धरली तर तो भाग २०१३पेक्षा महागच पडतो. म्हणजे विकत घेताना आपण सात लाखांच्या गाडीचे मालक होतो आणि पहिल्या दुरुस्तीच्या दिवशी बावीस लाखांच्या. ज्याला हा हिशेब आधी मांडता येतो त्याच्यासाठी या गाड्या खरोखर चांगला सौदा ठरू शकतात. मात्र बुऱ्हाणपुरात या हिशेबात आणखी एक आकडा घालावा लागतो, तो म्हणजे अंतर.

२०१०च्या ऑक्टोबरमध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मंडळींनी एकत्र येऊन सुमारे दीडशे मर्सिडीज एकदम घेतल्या, ६५ कोटींच्या आसपास. त्या खरेदीकडे श्रीमंतीचे प्रदर्शन म्हणून पाहिले गेले, पण तिचा उपयोगी धडा वेगळा आहे. एका शहरात एका कंपनीच्या शेकडो गाड्या असल्या की त्यांच्यामागे कारागीर येतो, स्कॅनर येतो, जुन्या भागांचा व्यापारी येतो आणि विकायची वेळ आली तर गिऱ्हाईकही मिळते. एकट्यादुकट्या गाडीमागे यातले काहीच येत नाही. बुऱ्हाणपुरात या गाड्या तुरळक आहेत आणि त्यांची माहितगार वर्कशॉप इंदूरला, सुमारे १८० किलोमीटरवर. वाटेत असीरगडाचा घाट, आणि इंदूर-इच्छापूर रस्त्याच्या चौपदरीकरणाचे काम गेली काही वर्षे चालू आहे. एखादा सेन्सर बदलायचा तरी पूर्ण दिवस गेला, आणि गाडी बंद पडली तर न्यायची कशी हा प्रश्न वेगळाच. वन सिरीजला ताकद मागच्या चाकांवर मिळते. आपल्याकडची क्रेन पुढची चाके उचलून मागची रस्त्यावर फरफटत नेते, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये इंजिन बंद असताना तेल फिरत नसल्याने त्या प्रवासातच गिअरबॉक्सची वाट लागते. तिला आख्खी गाडी पाठीवर घेणारी फ्लॅटबेडच हवी. ती कुठून येईल, किती तासांत येईल आणि विम्यात बसते का, हे गाडी घेण्याआधी विचारून ठेवायचे.

‘आपले मिस्त्री काहीही खोलून दाखवतात’ हा आक्षेप मला माहीत आहे आणि तो पोकळ नाही. बुश, लोअर आर्म, ब्रेक पॅड, फिल्टर, रेडिएटरचे होज ही कामे गावातला हुशार मिस्त्री नक्की करील. त्याला भागही मिळतील, कारण कंपनीच्या डब्यातला पुष्कळ माल बॉश, माले, मान किंवा लेमफोर्डरकडूनच आलेला असतो आणि त्याच बनावटीचा भाग चिन्हाविना बराच स्वस्त मिळतो. हा मार्ग मोकळा आहे आणि खर्च आटोक्यात ठेवायचा तर तो घेतलाच पाहिजे. पण या गाड्यांची अर्धी दुरुस्ती पान्याने होत नाही. बीएमडब्ल्यूची बॅटरी बदलली तरी नवी बॅटरी बसवल्याची नोंद गाडीच्या संगणकात करावी लागते, नाहीतर चार्जिंग जुन्याच हिशेबाने चालते. मर्सिडीजच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सचे तेल आणि फिल्टर बदलणे हे ठरलेल्या तापमानाला, ठरलेल्या पातळीला करायचे काम आहे. साधा स्कॅनर दोषाचा क्रमांक दाखवतो, कारण दाखवत नाही. अंदाजाने भाग बदलत गेले की तीन निर्दोष भागांचे पैसे भरून चौथ्याला दोष सापडतो. म्हणून कामाची विभागणी आधीच करावी: चाकाजवळची कामे गावात, गिअरबॉक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स इंदूरला.

इंजिनांकडे आता बारकाईने पाहू, कारण खर्चाचा डोंगर तिथेच उभा राहतो. वन सिरीजच्या ११८डीमध्ये २०१५पर्यंत जे दोन लिटरचे डिझेल इंजिन होते, त्याची टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. ए-क्लासच्या २.१ लिटर डिझेलचीही चेन त्याच बाजूला. चेन सैल झाली की ती बदलण्यासाठी गिअरबॉक्स किंवा इंजिनच उतरवावे लागते आणि मजुरीच भागाच्या किमतीहून जास्त होते. तिची खूण गरम इंजिनावर लपते. त्यामुळे गाडी पाहायला सकाळी जावे, विक्रेत्याने ती आधी सुरू करून ठेवलेली नसावी. बोनेटवर हात ठेवून इंजिन गार असल्याची खात्री करावी, आणि चावी फिरवल्यावर पहिले काही क्षण गिअरबॉक्सच्या बाजूने खरखर किंवा साखळी घासल्यासारखा आवाज येतो का ते ऐकावे. येत असेल तर भाव कितीही पाडला तरी ती गाडी सोडून द्यावी. वन सिरीजचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स झेडएफ कंपनीचा आहे आणि तो मजबूत आहे. त्याचे तेल ‘आयुष्यभराचे’ असल्याचे सांगितले जाते. खुद्द झेडएफ मात्र ते ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान किंवा आठ वर्षांत बदलायला सांगते. लाखभर किलोमीटर झालेल्या गाडीत या कामाचे बिल असेल, तर आधीच्या मालकाने गाडी समजून वापरली हे त्या एका कागदावरून कळते.

विक्रेते ‘सिंगल हँड, कमी चाललेली’ यावर जोर देतात. किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो, ही झाली एक गोष्ट. दुसरी अशी की खरोखर कमी चाललेली डिझेल गाडी चांगलीच असते असे नाही. रोज घर ते दुकान दोन-तीन किलोमीटर चालणारे डिझेल इंजिन नीट तापत नाही, त्यात काजळी साचते, ईजीआर व्हॉल्व्ह तुंबतो. शिवाय एप्रिल २०१७पर्यंत देशाच्या मोठ्या भागात बीएस-३ डिझेल मिळे, त्यात गंधक ३५० पीपीएमपर्यंत. बीएस-४मध्ये ती मर्यादा ५० होती. महामार्गावर नव्वद हजार किलोमीटर चाललेली आणि वेळेवर तेल बदललेली गाडी मी तीस हजारवालीपेक्षा वर ठेवीन. आकड्यापेक्षा गाडीच साक्ष देते. टायरच्या कडेला चार अंक असतात. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. वीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीला टायरचा तिसरा संच का, हे विचारावे. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढावेत. बेल्टचा गुंडाळलेला भाग कोणी धूत नाही, आणि पुरात बुडालेल्या गाडीची गाळाची आडवी रेघ तिथेच सापडते. पुरात गेलेल्या गाड्या विमा कंपन्यांच्या लिलावातून दुरुस्त होऊन देशभर पसरतात, त्यामुळे हे तपासणे मुळीच जास्तीचे नाही. अशीच स्वस्ताई दिल्लीहूनही येते. दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर तिथे हरित लवादाने २०१५मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये बंधने घातली. त्या आदेशांत पुढे फेरफार झाले तरी तिथल्या मालकांनी गाड्या बाहेरच्या राज्यांत विकायचा ओघ लावून दिला. दिल्लीची गाडी वाईट नसते, पण तिचा भाव का पडला आहे हे कळल्याशिवाय तिला हात लावू नये.

कागदपत्रांत सीमेवरच्या माणसाला जास्त सावध राहावे लागते. जळगावची एमएच-१९ गाडी बुऱ्हाणपुरात तशीच चालवत राहणारे अनेक आहेत. कायद्याने मात्र दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवलेल्या गाडीची नोंदणी तिथे करून घ्यावी लागते. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी हवी, नवा कर इथे भरावा लागतो आणि जुन्या राज्याकडून उरलेल्या काळाचा परतावा मागण्याची पायपीट वेगळी. कर्जावर घेतलेली गाडी असेल तर हायपोथिकेशन उतरल्याशिवाय टोकन देऊ नये. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे २०१३च्या गाडीची मुदत २०२८मध्ये संपते. नूतनीकरणाचे शुल्क २०२२पासून साध्या मोटारीला ५ हजार रुपये आहे; आरसीवर ‘इम्पोर्टेड’ अशी नोंद असेल तर ४० हजार. ती नोंद पाहायची आठवण फार थोड्यांना होते. विम्याचेही तसेच. झिरो डेप्रिसिएशनचे संरक्षण जुन्या गाडीला सहसा मिळत नाही, आणि साध्या पॉलिसीत प्लास्टिक व रबरी भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. समजा हेडलाइटचे बिल एक लाखाचे झाले, तर अर्धे आपल्याच खिशातून. घरातल्या हिशेबात ही रक्कम आधीच बाजूला काढलेली असावी. माझ्या मते गाडीच्या किमतीचा चौथा हिस्सा, निदान पहिल्या दोन वर्षांसाठी.

एवढे सगळे असताना नवी हॅचबॅकच का घेऊ नये? हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. दहा वर्षांपूर्वी या गाड्यांच्या बाजूने सुरक्षितता हे मोठे उत्तर होते: ए-क्लास, वन सिरीज आणि व्ही-४० तिन्हींना युरो एनकॅपच्या २०१२च्या चाचणीत पाच तारे मिळाले होते, आणि तेव्हा आपल्याकडच्या लहान गाड्यांत दोन एअरबॅगही सक्तीच्या नव्हत्या. आता सहा एअरबॅगच्या आणि पाच तारे मिळवलेल्या देशी गाड्या याच पैशात येतात, त्यामुळे ते उत्तर अर्धेच उरले आहे. उरते ते चालवण्याचे सुख: वेगात रस्त्याला घट्ट धरून राहणे, केबिनमधली शांतता, दाराचा वजनदार आवाज, लांबच्या प्रवासात न शिणणारे शरीर. या सुखाला किंमत आहे आणि ती देणाऱ्याला मी उधळ्या म्हणणार नाही. फक्त ते सुख घराची एकमेव गाडी म्हणून घेऊ नये. ज्या घरातून पहाटे दवाखान्यात किंवा बाजार समितीत निघावे लागते, तिथे दारात एक साधी, गावात दुरुस्त होणारी गाडी असलीच पाहिजे.

रस्त्यांचे आणि उन्हाचेही इथे चालतेच. निमाड-खानदेशचा उन्हाळा पंचेचाळिशीला टेकतो; प्लास्टिकच्या कूलंट टाक्या, रबरी होज आणि दारांची रबरे त्यात वेळेआधी कडक होतात, म्हणून दर उन्हाळ्याआधी ती तपासावीत. वन सिरीजच्या रन-फ्लॅट टायरच्या बाजू ताठ असतात, खड्ड्यात दणका थेट रिमला बसतो. ते काढून साधे टायर घालणे शहाणपणाचे, पण मग स्टेपनीची जागा नसल्याने पंक्चरचे किट आणि हवेचा पंप डिकीत कायम हवा. पेट्रोल घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की त्या काळच्या गाड्या आजच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेल्या नाहीत. ती टाकी भरून महिनोन्‌महिने उभी ठेवू नये आणि इंधनाच्या रबरी नळ्यांवर नजर असावी.

तरीही कोणती घ्यावी असे विचारले, तर बुऱ्हाणपुरात राहून गावातच बहुतेक फिरणाऱ्याने पेट्रोलची ए-क्लास किंवा बी-क्लास पाहावी. महिन्यातून दोनदा इंदूर-जळगाव करणाऱ्याने चेनचे आणि गिअरबॉक्सच्या तेलाचे बिल दाखवणारी ११८डी. व्ही-४० सुंदर आहे, पण ती सर्वांत कमी विकली गेली, त्यामुळे भागांची वाट पाहायची तयारी असणाऱ्यानेच तिच्याकडे वळावे. आणि कोणतीही पसंत पडली तरी टोकन देण्याआधी चॅसिस नंबर घेऊन कंपनीच्या वर्कशॉपमधून तिचा सर्व्हिसचा इतिहास काढून घ्या, गाडी तिथे लिफ्टवर चढवून खालून पाहा. त्या तपासणीचे काही हजार रुपये द्यायला किंवा गाडी इंदूरपर्यंत आणायला विक्रेता तयार नसेल, तर त्याच्याशी पुढे बोलू नका.