ग्राऊंड येतं, वय जातं

महाराष्ट्रात खुल्या प्रवर्गातल्या उमेदवाराला राज्य सरकारच्या बहुतेक नोकऱ्यांसाठी अडतिसाव्या वर्षापर्यंत अर्ज करता येतो. पोलीस शिपाई व्हायचं असेल तर मात्र मर्यादा २८ ची. मागासवर्गीयांना पाच वर्षं जास्त. राज्य राखीव पोलीस दलात तर २५ आणि ३०.

यामागचं गणित सोपं आहे. बंदोबस्ताला तासन्‌तास उभं राहायचं, प्रसंगी पळत्या माणसाला गाठायचं. शिवाय निवृत्ती ५८ व्या वर्षी, म्हणजे अठ्ठाविशीत आलेला शिपाई खात्याला तीस वर्षं मिळतो. पण दमसास जोखायला मैदानी चाचणी आहेच की! मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावणं, मग १०० मीटर आणि गोळाफेक. पन्नासपैकी निम्मे गुण पडले नाहीत तर लेखी परीक्षा विसरायची. गंमत म्हणजे प्रकल्पग्रस्त आणि भूकंपग्रस्तांना ४५ पर्यंत अर्ज करता येतो, आणि ग्राऊंड त्यांनाही तेच.

मग वयाची अट हवीच कशाला? स्पेनमध्ये हा वाद थेट युरोपीय न्यायालयात गेला. ओविएदो शहराच्या स्थानिक पोलिसांसाठी असलेली तिशीची अट २०१४ मध्ये न्यायालयाने अमान्य केली. दोनच वर्षांनी बास्क प्रांताच्या पोलिसांची पस्तिशीची अट मात्र त्याच न्यायालयाने मान्य केली. तिथलं काम प्रत्यक्ष रस्त्यावरचं होतं आणि दलाचं सरासरी वय वाढत चाललं होतं. थोडक्यात, कोणतं काम आणि कोणतं दल, हे पाहूनच आकडा ठरवावा लागतो.

आपल्याकडे मात्र आकड्यापेक्षा वेळापत्रक जास्त नडतं. भरती दरवर्षी ठरल्या महिन्यात निघत नाही. जाहिरात लांबली की पहाटे उठून धावणारी मुलं घरबसल्या ‘एजबार’ होतात. २०२२-२३ च्या भरतीत अठरा हजारांवर जागांसाठी अठरा लाखांच्या आसपास अर्ज आले होते. त्या गर्दीत एक संधी हुकणं म्हणजे काय, हे भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीतल्या कोणालाही विचारावं.

सरकारलाही हे ठाऊक आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सुमारे पंधरा हजार पदांच्या भरतीला मंजुरी देताना मंत्रिमंडळाने २०२२ आणि २०२३ मध्ये वय ओलांडलेल्यांना ‘एकवेळची विशेष बाब’ म्हणून अर्जाची मुभा दिली. कोरोनात रखडलेल्या भरतीच्या वेळीही अशीच सवलत मिळाली होती. पण ज्याने वय गेलं म्हणून सराव सोडला आणि दुसरं काम धरलं, त्याला वय परत मिळालं तरी १६०० मीटरची तयारी पहिल्यापासूनच करावी लागते.