मीटर शून्य, चावी शेठकडे

पेट्रोल पंपावर छुपी गिऱ्हाईक म्हणून गेले, त्या पहिल्याच दिवशी लाइट गेली. स्कूटरच्या टाकीत नोझल, मीटरवर दीड लिटरच्या आतबाहेर काहीतरी, आणि एकदम आकडे गायब. "ताई, जनरेटर लावतो, थांबा जरा," म्हणत पोरगा मागच्या खोलीकडे पळाला. माझ्या डोक्यात मात्र फॉर्म फिरत होता. कर्मचाऱ्याने मीटर शून्य दाखवलं का? हो. पावती स्वतःहून दिली का? आता कुठून देणार? लाइट गेली तर काय लिहायचं, असा रकाना फॉर्ममध्ये नव्हताच. रस्त्यावर जाऊन एजन्सीच्या माणसाला फोन लावला. तो बहुधा जेवत होता. "लाइट गेली ना मॅडम? मग लाइट गेली असं लिहा," एवढं म्हणून त्याने ठेवून दिला.

पुढे दोन-अडीच वर्षं अधूनमधून हे काम केलं आणि त्या जेवणाऱ्या माणसाचं वाक्य रोज आठवत राहिलं. तेल कंपन्या पंपांची तपासणी आपल्या अधिकाऱ्यांकडून करतातच, शिवाय बाहेरच्या संस्थांकडूनही करून घेतात. भारत पेट्रोलियमचं 'प्युअर फॉर शुअर' किंवा इंडियन ऑइलचं 'एक्स्ट्राकेअर' ही नावं त्यातूनच आलेली. या साखळीच्या अगदी टोकाला आमच्यासारखी माणसं असतात. पेट्रोल भरायचं, चारचौघांसारखं वागायचं, बघायचं आणि घरी जाऊन लिहायचं. काम एवढंच, पण त्याबद्दलचे समज मोठे आहेत. सगळ्यांत मोठा नव्या मंडळींचाच.

"काही बिनसलं की फेरी वाया गेली"

पंपावर पोहोचावं तर टँकर खाली होतोय, दोरी बांधलेली, समोर गाड्यांची रांग. किंवा पेट्रोलच संपलंय. किंवा पावतीच्या मशीनमधला कागद संपलाय आणि पोरगा म्हणतोय, "मेसेज येईल ना तुम्हाला." नवा माणूस इथे घाबरतो. फेरीचे पैसे बुडतील या भीतीने तो शेजारच्या पंपावर भरतो आणि फॉर्म पहिल्या पंपाचा भरून टाकतो. पकडला जातो तो इथेच. पावतीवर पंपाचं नाव असतं, वेळ असते, बऱ्याचदा नोझलचा क्रमांक आणि घनताही छापलेली असते. कार्यालयात बसलेल्या माणसाला ते जुळवायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

वस्तुस्थिती अशी, की जे बिनसलं तीच त्या फेरीची खरी नोंद. टँकर खाली होत असताना त्या टाकीवरची विक्री थांबवायची असते. म्हणजे दोरी बांधलेली दिसली तर तो पंपाचा दोष नाही, उलट त्याच्या खात्यात जमा करायची गोष्ट. पेट्रोल संपलं असेल तर किती वाजता संपलेलं होतं आणि गिऱ्हाइकांना कोण काय सांगत होतं, ते लिहायचं. कागद संपला असेल तर हाताने लिहिलेलं बिल मागायचं. दिलं, नाही दिलं, तोंड वाकडं करून दिलं, तिन्ही उत्तरं कंपनीला हवी असतात. 'पावती मिळाली नाही' ही ओळ मी सुरुवातीला माझं अपयश म्हणून लिहायचे. ती माहिती आहे हे कळायला सहा-सात फेऱ्या लागल्या.

एक चूक मात्र निखळ आपली असते. महामार्गावर एकाच कंपनीचे दोन पंप समोरासमोर असतात, एक मुंबईकडे जाणाऱ्या बाजूला, दुसरा उलट. नावंही सारखीच, 'अमुक ऑटो' आणि 'अमुक ऑटो सर्व्हिस'. मी एकदा व्यवस्थित, मनापासून, चुकीच्या पंपाची तपासणी करून आले होते. आधी फलकावरचं पूर्ण नाव वाचायचं, मग गाडी आत घ्यायची.

"छुपा ग्राहक म्हणजे धाड घालणारा साहेब"

हा समज पंपावरच्या लोकांचा असतो आणि काही छुप्या ग्राहकांचाही. माझ्याबरोबर लागलेला एक मुलगा पंपमालकाशी हुज्जत घालून आला, "तुमचा नमुना सील करीन" म्हणाला. कोणत्या अधिकाराने? पेट्रोल-डिझेलचा पुरवठा आणि त्यातले गैरव्यवहार यांबद्दल केंद्राचा २००५ चा आदेश आहे. त्यानुसार पंपात शिरून झडती घेणं, नमुने घेणं, माल जप्त करणं हे अधिकार राजपत्रित अधिकाऱ्याला, पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याला आणि तेल कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याला आहेत. आमच्या हातात फक्त गिऱ्हाइकाचे हक्क.

आणि हे फक्त कायद्याचं कलम म्हणून सांगत नाही. भेसळीचा धंदा किती हिंस्र असू शकतो हे आपण पाहिलंय. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जिवंत जाळलं. वाटेत टँकरमधून तेल काढताना दिसलं आणि ते चित्रीकरण करायला थांबले होते. त्याआधी नोव्हेंबर २००५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खिरीत इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी एस. मंजुनाथ यांचा खून झाला. त्यांनी भेसळ करणाऱ्या पंपावर कारवाई केली होती. दोघांच्या हाती अधिकार होते, पाठीशी सरकार आणि कंपनी होती. आपल्या हाती काय असतं, तर एक पावती आणि मोबाइल. म्हणून संशय आला की चेहऱ्यावर काही न दाखवता पैसे द्यायचे, निघायचं आणि त्याच दिवशी एजन्सीला कळवायचं. साधं गिऱ्हाईक असाल तर पंपावरच्या तक्रार वहीत लिहा, कंपनीला कळवा किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सांगा. तक्रार वही मागितल्यावर द्यायलाच हवी, आणि 'वही साहेबांच्या कपाटात आहे' हे उत्तरही लिहून ठेवण्यासारखं असतं.

ओळखले गेलो तर? होतं तसं. "मॅडम, तुम्ही कंपनीकडून ना?" असं एकाने थेट विचारलं. हसून "कुठली कंपनी?" म्हटलं, पेट्रोल भरलं आणि अहवालाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं, की ओळखल्याचा संशय आहे. ते न लिहिता त्या पोराच्या अतिनम्र वागण्याला पूर्ण गुण देणं ही खरी फसवणूक झाली असती.

"शंभरऐवजी एकशेदहाचं भरलं की मापात मारता येत नाही"

या समजाने महाराष्ट्रातल्या निम्म्या दुचाकी चालतात, असं मला कधीकधी वाटतं. मीटरला शंभर आणि एकशेदहा यांत काही फरक नसतो. दोन्ही आकडे बटण दाबूनच भरता येतात. 'शून्य बघा' हेही अर्धंच खरं आहे. शून्य बघितल्याने आधीच्या गिऱ्हाइकाचा आकडा तुमच्या माथी पडत नाही, बस. २०१७ मध्ये लखनौला पोलिसांच्या विशेष कृती दलाने, आणि मग ठाणे गुन्हे शाखेने आपल्याकडच्या पंपांवर छापे घातले. तेव्हा यंत्राच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक भागांतच फेरफार केलेले सापडले. अशा यंत्रावर शून्यही बरोबर दिसतं आणि शेवटचा आकडाही. कमी असतं ते टाकीत.

मापाचा खरा उपाय पंपावरच ठेवलेला असतो आणि कुणी मागत नाही: पाच लिटरचं माप. शंकूसारख्या बुडाचं, वर निमुळत्या मानेचं धातूचं भांडं, मानेवर आखलेल्या खुणा आणि अंगावर वैध मापन विभागाचा शिक्का. मी पहिल्यांदा मागितलं तेव्हा ते ऑफिसातल्या टेबलाखालून, धुळीसकट आलं. ते सपाट जमिनीवर ठेवायचं, पाच लिटर सोडायचं, फेस बसू द्यायचा आणि खाली वाकून, डोळा खुणेच्या रेषेत आणून वाचायचं. वरून बघितलं तर नेहमी चुकतं. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो, म्हणजे चहाचे पाच चमचे. त्याहून कमी भरलं तर तक्रार. यंत्रांची सरकारी पडताळणी दर वर्षी व्हायची असते. शिक्का आणि साल बघायला बंदी नाही. पेट्रोल नंतर टाकीत परत जातं, त्यामुळे "वाया जाईल" या सबबीला अर्थ नाही.

सकाळी लवकर भरलं तर थंड, दाट पेट्रोल जास्त मिळतं, हाही त्याच घराण्यातला समज. पेट्रोल एका अंशाला सुमारे ०.१ टक्का फुगतं हे खरं. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथलं तापमान सकाळ-दुपारमध्ये फारसं हलत नाही. पहाटे उठायला दुसरी कारणं शोधा.

भेसळ ओळखायच्या फिल्टर पेपरचंही थोडं सांगते. नोझलचं तोंड पुसून एक थेंब कागदावर टाकायचा. तो उडून गेल्यावर तेलकट डाग राहिला तर संशय घ्यायचा. रॉकेल किंवा डिझेल मिसळलं असेल तर डाग राहतो. पण पेट्रोलसारखंच उडून जाणारं द्रावण मिसळलं असेल तर कागद कोराच राहील. म्हणजे डाग हा पुरावा नाही आणि कोरा कागद हे प्रमाणपत्र नाही. मुळात ही चाचणी सांगितलेली नसेल तर मागू नये. मग तुम्ही चारचौघांसारखे राहत नाही.

"मोबाइल वाजला की पंप पेटतो"

फोटो हवेत आणि पंपावर मोबाइल बंदीची पाटी, त्याच खांबावर पैसे भरायचा क्यूआर कोड. हसू येतं, पण पाटी खोटी नाही. अमेरिकेतल्या पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने पंपांवरच्या आगींच्या नोंदी गोळा केल्या, तेव्हा मोबाइलमुळे लागलेली एकही सिद्ध झालेली आग त्यांना सापडली नाही. कित्येक आगी स्थितिक विजेच्या होत्या. तिकडे गिऱ्हाईक स्वतः भरतं. नोझल लावून गाडीत जाऊन बसायचं, सीटवर कपडे घासायचे, परत येऊन नोझलला हात लावायचा की ठिणगी. आपल्याकडे नोझल पंपावरच्या माणसाच्या हातात असतं म्हणून हे कमी. तरी साधा फोन ज्वलनशील वाफांच्या जागी वापरण्यासाठी बनवलेला नसतो आणि लक्ष विचलित करतो ते वेगळंच. फोटो मी कधीच यंत्राजवळून काढले नाहीत. भावाचा फलक रस्त्यावरून, हवेच्या मशीनचा फोटो हवा भरायच्या वेळी.

कधी सांडलं, पेटलं, तर फॉर्म विसरायचा. टाकीतलं नोझल ओढून काढायचं नाही, कारण ज्वाळा त्याच्याबरोबर बाहेर येते. ओरडून पुरवठा बंद करायला सांगायचं आणि लांब जायचं. लाल बादल्यांतली वाळू कुणी वापरायची हे तिथल्या लोकांना शिकवलेलं असतं.

आणखी एक प्रसंग, माझ्या ओळखीतल्याच एका छुप्या ग्राहकाचा. त्याच्या डिझेल गाडीत पोराने पेट्रोल घातलं. पेट्रोलचं नोझल बारीक असतं, डिझेलच्या टाकीत सहज जातं. "थोडंच गेलंय, वरून डिझेल टाका, चालतं" असा सल्ला तिथे जमलेल्या तिघांनी दिला. चालत नाही. डिझेल स्वतःच गाडीतल्या इंधनपंपाचं वंगण असतं. पेट्रोल गेलं की उच्च दाबाच्या पंपाला आतून घासायला लागतं. चावीसुद्धा फिरवायची नाही, बऱ्याच गाड्यांत तेवढ्यानेच इंधन पुढे सरकतं. त्याने गाडी ढकलून बाजूला घेतली, वहीत लिहून घेतलं, टाकी रिकामी करवली. एजन्सीला त्याने संध्याकाळी कळवलं, ते बरोबरच केलं.

"नोंदणीचे पैसे भरले की काम मिळतं"

नाही. पैसे मागणारी एजन्सी म्हणजे एजन्सी नाहीच. दुसरा प्रकार म्हणजे टेलिग्रामवर आधी चार रुपये देऊन मग 'टास्क'साठी हजारो मागणारे. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

आता शेवटची गोष्ट, फॉर्ममधल्या सतराव्या प्रश्नाची: 'महिला स्वच्छतागृह स्वच्छ होते का?' स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, फुकट हवा या सोयी पंपाने गिऱ्हाइकाला द्यायच्याच असतात. 'ते फक्त स्टाफसाठी आहे' हा पंपावर सर्रास ऐकू येणारा गैरसमज. एका पंपावर दाराला भलं मोठं कुलूप.

"दादा, चावी?"

"शेठकडे."

"शेठ कुठेत?"

"जेवायला गेलेत. गावात."

मी थांबले. पाण्याचा कूलर बघितला, चालू होता. हवा भरून घेतली, पैसे मागितले नाहीत. पन्नास मिनिटांनी शेठ बुलेटवरून आले. माझ्याकडे बघून जरा ओशाळले आणि खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. दार उघडलं. आत पांढऱ्या टाइल्स, फिनेलचा वास, साबणाची न फोडलेली वडी, नळाला प्लास्टिकचं कव्हर तसंच. इतकं चकाचक स्वच्छतागृह मी तोवर एकाही पंपावर पाहिलं नव्हतं. घरी येऊन सतराव्या प्रश्नापुढे 'हो' लिहिलं, पूर्ण गुण. मग शेऱ्याच्या जागेत कुलूप, शेठ, बुलेट आणि पन्नास मिनिटं लिहायला बसले. जागा पुरली नाही, कागद जोडावा लागला.