गाडीतला फोन कुठे अडतो?

गाडीच्या स्पीकरवर गाणी सुरेल वाजतात, पण फोन आला की समोरच्याचे बोलणे ऐकू येत नाही, किंवा त्याला चालकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो, तेव्हा ब्लूटूथ बिघडले असा निष्कर्ष काढला जातो आणि तो बहुधा अपुरा असतो. ब्लूटूथ म्हणजे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालणारी, काही मीटर अंतरापुरती रेडिओ जोडणी. तिच्यात गाणी आणि संभाषण यांचे मार्ग वेगळे असतात. गाणी एकाच दिशेने, फोनकडून गाडीकडे जातात आणि त्यांची व्यवस्था ए-टू-डी-पी या नावाने ओळखली जाते. संभाषण दोन्ही दिशांनी जाते आणि त्यासाठी एच-एफ-पी ही निराळी व्यवस्था असते. म्हणूनच पहिला मार्ग सुरू आणि दुसरा बंद, अशी स्थिती सहज उद्भवते, आणि फोनच्या ब्लूटूथ यादीत गाडीच्या नावापुढील सेटिंग उघडून ‘फोन कॉल’ हा पर्याय चालू आहे की नाही हे पाहणे, ही तपासाची योग्य सुरुवात ठरते.

दुसऱ्या मार्गावरील आवाज मुळातच बारीक असतो. संगीताचे सेकंदाला साधारण ४४,१०० नमुने घेतले जातात, तर जुन्या गाड्यांच्या हँड्सफ्री यंत्रणेत बोलण्याचे केवळ ८,००० नमुने घेतले जात. एच-एफ-पीच्या २०११ च्या आवृत्तीपासून ही संख्या १६,००० पर्यंत नेण्याची सोय झाली, पण ती फोन आणि गाडी या दोघांतही असावी लागते. तेव्हा जुन्या गाडीत संभाषण गाण्यांइतके स्वच्छ नसणे हा बिघाड मानता येत नाही. आवाजाची पातळीही दोन्हींसाठी वेगवेगळी नोंदवली जाते, त्यामुळे गाण्यांचा आवाज कितीही वाढवला तरी फोनचा आवाज तितकाच राहतो. तो कॉल चालू असतानाच, गाडी उभी करून, वाढवावा लागतो. केबलने जोडलेल्या अँड्रॉइड ऑटोतही कॉल ब्लूटूथनेच जातो, आयफोनच्या कारप्लेत मात्र तो केबलमधून जातो, हा फरक लक्षात न आल्याने अनेकदा चांगली केबल विनाकारण बदलली जाते. घरातील दोन फोन एकाच गाडीला जोडलेले असतील किंवा चालकाच्या कानातील इअरबड्स चालू राहिले असतील, तर कॉल भलतीकडेच वळतो. एवढे पाहूनही दोष न गेल्यास फोन आणि गाडी या दोन्हींच्या यादीतून जुनी जोडणी पुसून ती नव्याने करावी. एकाच बाजूने पुसल्यास दुसरी बाजू जुनीच ओळख धरून बसते.

प्रतिध्वनीबाबत एक गोष्ट हमखास उलटी समजली जाते. स्वतःचा आवाज परत ऐकू येत असल्याची तक्रार समोरचा माणूस करतो, पण तिचे कारण चालकाच्या गाडीत असते: स्पीकरमधून आलेला त्याचा आवाज गाडीचा मायक्रोफोन पुन्हा उचलतो आणि तो वजा करणारी यंत्रणा कमी पडते. अशा वेळी गाडीतील आवाज थोडा उतरवणे हा पहिला उपाय होय. कर्जतच्या पावसाळ्यात या मायक्रोफोनची खरी कसोटी लागते. टपावर कोसळणारी सर आणि वायपर यांच्या जोडीला, काचेवरील बाष्प घालवण्यासाठी वर वळवलेला ब्लोअर छतातील दिव्याजवळच्या मायक्रोफोनवर थेट वारा फेकतो; तो कॉलपुरता कमी केला तरी बोलणे पुष्कळ सुधारते. बाजारातून बसवून घेतलेल्या स्टिरिओबरोबर येणारा सुटा मायक्रोफोन डॅशबोर्डच्या आतच राहून गेला असेल, तर कोणतीही सेटिंग उपयोगी पडत नाही आणि वायर ओढून तो चालकाच्या तोंडासमोर आणावाच लागतो. लायटरच्या सॉकेटमध्ये खोचण्याच्या स्वस्त एफएम उपकरणात मायक्रोफोन गियरजवळ, तोंडापासून दूर असतो, शिवाय पनवेलजवळ मोकळी सापडलेली फ्रिक्वेन्सी पुढे मोकळी राहीलच असे नाही. ऑक्स वायर आणि चार्जर एकाच वेळी लावल्यावर इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिटी ऐकू आली, तर तो विद्युतजोडणीतील दोष असतो. चार्जर काढताच शिटी थांबली की निदान पक्के झाले असे समजावे.

तथापि, कर्जत-पनवेल परिसरात कॉल तुटण्याचे मोठे कारण गाडीबाहेरच आहे. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर माडप आणि आडोशी या बोगद्यांत, तसेच खोपोलीपुढे बोरघाटाच्या कड्यांआड, आणि नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्याकडे चढणाऱ्या वळणांवरही, मनोऱ्यापासून येणाऱ्या लहरींना डोंगर आडवा येतो. आजचे बहुतेक कॉल ४जी जाळ्यावरून जातात, आणि ज्या जाळ्याला २जीचा आधारच नाही, तेथे ४जी क्षीण होताच संभाषण खंडित होते. ब्लूटूथ मात्र शाबूत असते. फोनमध्ये साठवलेले गाणे त्याच जागी वाजत राहिले, तर गाडीला दोष देण्याचे कारण उरत नाही.

कायद्याची बाजूही येथे महत्त्वाची आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये वाहन चालवताना हातात धरलेल्या फोनचा वापर धोकादायक वाहनचालनात गणला गेला, त्यामुळे हँड्सफ्रीची मागणी वाढणे स्वाभाविक आहे. मात्र हात मोकळे राहिले म्हणजे लक्षही मोकळे राहिले, असे होत नाही. टोरांटोतील चालकांविषयी डोनाल्ड रेडलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट आढळला आणि हँड्सफ्री फोनमुळे तो कमी झाल्याचे दिसले नाही. तुटक आवाज जुळवून अर्थ लावताना मनावर अधिक ताण पडतो, आणि बोरघाटाच्या उतारावर, अवजड ट्रकांच्या रांगेत, तो ताण परवडणारा नाही. म्हणून आवाज तुटू लागताच कॉल बंद करावा आणि तो द्रुतगती मार्गाच्या कडेला थांबून नव्हे, तर फूड मॉलच्या आवारात गाडी उभी केल्यावर पुन्हा लावावा.