विश्लेषण : ज्वारीच्या भाकरीला वरणाची जोड का हवी? ‘ल्युसिन’चे गणित समजून घ्या

रेणापूर परिसरात खरिपाला सोयाबीन आणि तूर, तर रब्बीला ज्वारी आणि हरभरा ही नेहमीची पिके. ताटात अजूनही अनेक घरांत ज्वारीची भाकरी असते. या ज्वारीत ‘ल्युसिन’ नावाचे अमिनो आम्ल गहू आणि तांदळापेक्षा जास्त असते. जिममध्ये जाणारी मुले ज्या पावडरीसाठी हजारो रुपये मोजतात, तिच्यातला मुख्य घटक हाच. आणि साठ वर्षांपूर्वी हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी एका गंभीर आजाराबाबत ज्याच्याकडे बोट दाखवले, तोही हाच. मग ल्युसिन चांगले की वाईट?

ल्युसिन म्हणजे काय?

आपल्या शरीरातली प्रथिने २० अमिनो आम्लांच्या साखळ्यांतून तयार होतात. त्यांतली नऊ शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच मिळवावी लागतात. ल्युसिन हे त्यांपैकी एक. १८१९ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ प्रूस्त यांना ते चीजमध्ये सापडले. पुढच्याच वर्षी ब्राकोनो यांनी ते स्नायू आणि लोकरीपासून शुद्ध रूपात वेगळे केले. स्फटिक पांढरे दिसले म्हणून ‘पांढरा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव मिळाले.

शरीरात त्याचे काम काय?

दोन कामे महत्त्वाची. पहिले, प्रथिनांच्या साखळीतला कच्चा माल म्हणून. दुसरे, निरोप्या म्हणून. जेवणानंतर रक्तातले ल्युसिन वाढले की पेशीतली ‘एमटॉर’ नावाची यंत्रणा जागी होते आणि नवी प्रथिने बांधण्याचे काम सुरू होते. बांधकामाच्या भाषेत सांगायचे तर ल्युसिन वीटही आहे आणि ‘काम सुरू करा’ सांगणारा मुकादमही. वय वाढते तसे स्नायू या निरोपाला कमी दाद देतात. म्हणून ज्येष्ठांच्या प्रत्येक जेवणात पुरेशी प्रथिने असणे गरजेचे ठरते.

ज्वारीवर संशय का आला?

‘पेलाग्रा’ हा नायसिन या ब जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार. उन्हात उघड्या राहणाऱ्या हात, पाय आणि मानेवरची कातडी काळवंडून सोलते, जुलाब लागतात, पुढे मनावर आणि स्मृतीवर परिणाम होतो. उपचार न झाल्यास मृत्यूही येतो. जगभर हा आजार मका खाणाऱ्या गरिबांचा मानला जात होता. मक्यातले नायसिन शरीराला सहज मिळत नाही, हे त्याचे कारण.

दख्खनच्या पठारावर मात्र हा आजार ज्वारीवर जगणाऱ्या गरीब कुटुंबांत दिसत होता. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत, डॉ. कोलुथुर गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी याचा शोध घेतला. ज्वारीत मक्यासारखी अडचण नव्हती, तरी रुग्ण येत होते. दोन्ही धान्यांत समान गोष्ट एकच दिसली, ती म्हणजे ल्युसिनचे जादा प्रमाण. १९६० मध्ये, ज्या वर्षी महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी ही मांडणी केली.

शरीर ट्रिप्टोफॅन या दुसऱ्या अमिनो आम्लापासूनही थोडे नायसिन बनवते. साधारण ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनमधून एक मिलिग्रॅम नायसिन मिळते. जादा ल्युसिन या प्रक्रियेत अडथळा आणते, असे गोपालन यांच्या गटाचे म्हणणे होते. आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल दिल्यास हा परिणाम कमी होतो, असेही त्यांच्या प्रयोगांत दिसले.

हे सिद्ध झाले का?

पूर्णपणे नाही. नंतर इतरत्र झालेल्या काही प्रयोगांत असा परिणाम आढळला, काहींत आढळला नाही. त्यामुळे ‘ल्युसिनमुळे पेलाग्रा होतो’ असे सरळ विधान आज केले जात नाही. एका गोष्टीवर मात्र वाद नाही. हा आजार ज्वारी खाणाऱ्या प्रत्येकाला होत नव्हता. ज्यांच्या ताटात ज्वारीशिवाय फारसे काही नव्हते, त्यांना तो गाठत होता.

मग भाकरी सोडायची का?

अजिबात नाही. साधे गणित पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढ व्यक्तीला दररोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे ३९ मिलिग्रॅम ल्युसिन आणि ३० मिलिग्रॅम लायसिन लागते. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला सुमारे २.३ ग्रॅम ल्युसिन आणि १.८ ग्रॅम लायसिन.

ज्वारीच्या २०० ग्रॅम पिठात, म्हणजे साधारण तीन भाकरींत, सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात. त्यांतले जवळपास १२ टक्के ल्युसिन. पचनातली घट सोडली तर दिवसाची ल्युसिनची गरज येथेच भागते. पण त्याच भाकरींतून लायसिन मिळते अर्ध्या ग्रॅमहून कमी, म्हणजे गरजेच्या जेमतेम पाव हिस्सा.

ही उणीव डाळ भरून काढते. तूर, हरभरा, मूग यांत लायसिन भरपूर असते, शिवाय आयसोल्युसिनही मिळते. शेंगदाण्यात नायसिन चांगले असते. दुधातून ट्रिप्टोफॅन मिळते. म्हणूनच भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी आणि वाटीभर दूध-दही हे ताट पोषणाच्या हिशेबातही पक्के बसते. नुसता ठेचा आणि भाकरी बसत नाही. पैशांची ओढाताण झाली की ताटातून आधी डाळ आणि दूध कमी होते, खरा धोका तिथे आहे.

जिमच्या पावडरीचे काय?

‘बीसीएए’ नावाने विकल्या जाणाऱ्या पावडरीत ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही तीन अमिनो आम्ले असतात, बहुधा २:१:१ या प्रमाणात. म्हणजे पाच ग्रॅमच्या चमच्यात अडीच ग्रॅम ल्युसिन, जवळपास तीन भाकरींइतकेच. पण मुकादम हजर आणि बाकीचा माल नाही, अशी गत असेल तर भिंत चढत नाही. उरलेली सहा अत्यावश्यक अमिनो आम्ले जेवणातूनच यावी लागतात. पुरेशी डाळ, अंडी, दूध किंवा सोयाबीन खाणाऱ्याला या पावडरीचा वेगळा फायदा फारसा होत नाही. यकृत किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये.

ल्युसिन कोणासाठी घातक?

काही बाळांना जन्मतःच ल्युसिनचे विघटन पूर्ण करता येत नाही. त्यासाठी लागणारे विकर त्यांच्या शरीरात नीट काम करत नाही. १९५४ मध्ये प्रथम नोंदवलेल्या या दुर्मीळ आजाराचे नाव ‘मेपल सिरप युरिन डिसीज’. आईच्या दुधातले ल्युसिनही अशा बाळाच्या रक्तात साचते आणि मेंदूला इजा करते.

आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आले तरच हा आजार होतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता २५ टक्के असते. मामा-भाची किंवा आते-मामे भावंडांत लग्न झालेल्या कुटुंबांत अशा आजारांचा धोका वाढतो. वेळीच निदान झाले तर ल्युसिन मोजून दिलेला खास आहार आणि उपचार यांवर बाळ वाढू शकते. काही रुग्णांत यकृत प्रत्यारोपणही केले जाते.

जन्मानंतर पहिल्या आठवड्यात बाळ दूध ओढेनासे झाले, सुस्त पडले, झटके आले किंवा त्याच्या लघवीला जळक्या साखरेसारखा, काकवीसारखा गोड वास आला, तर वाट न पाहता त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. घरात आधी एखादे बाळ पहिल्या काही दिवसांत कारण न कळता दगावले असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे.