हे वाचलंस का?

१९९३ साली नागझिऱ्याच्या अभयारण्यात एका मित्राने शाळकरी वयाच्या राही अनिल बर्वेला नारायण धारपांची एक गोष्ट सांगितली. गोष्ट ऐकून मुलगा पुरता हादरला, पण ती त्याच्या डोक्यातून गेली नाही. १९९७ मध्ये, अठराव्या वर्षी, त्याने तिच्यावरून चित्रपटाचा पहिला खर्डा लिहिला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘तुंबाड’ पडद्यावर आला. धारपांच्या त्या ‘आजी’ कथेचं मूळ स्टीफन किंग या अमेरिकी लेखकाच्या एका कथेत आहे, आणि चित्रपटाचं नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून सुचलेलं. अमेरिकेतली एक भयकथा धारपांच्या लेखणीतून मराठीत आली, विदर्भातल्या जंगलात एका मुलाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानात गेली आणि पंचवीस वर्षांनी देशभर पाहिली गेली. मधल्या साखळीत जाहिरात नव्हती, परीक्षण नव्हतं. एका वाचकाला एक गोष्ट आवडली आणि ती मित्राला सांगितल्यावाचून त्याला राहवलं नाही, एवढंच.

मराठीतल्या अद्भुतकथा, भयकथा आणि विज्ञानकथा बऱ्याच अंशी अशाच जगल्या आहेत. गंभीर समीक्षेने त्यांना फार काळ ओसरीवरच बसवलं. धारपांनी शंभराहून अधिक पुस्तकं लिहिली, पण त्यांच्यावर लिहिलेलं शोधायला गेलं तर हाती फार थोडं लागतं. त्यांना टिकवलं ते वाचनालयाच्या काउंटरवर ‘धारपांचं नवीन काही आलंय का?’ असं विचारणाऱ्यांनी आणि ‘नवल’, ‘धनंजय’सारखे दिवाळी अंक घरोघर फिरवणाऱ्यांनी. आज छत्रपती संभाजीनगरच्या साकेत प्रकाशनाने धारपांची पुस्तकं पुन्हा उपलब्ध करून दिली आहेत. जुने वाचक नव्यांना सांगत राहिले म्हणूनच अशा पुनर्मुद्रणांना गिऱ्हाईक मिळतं.

धाडसारख्या गावात या सांगण्याची किंमत शहरापेक्षा जास्त आहे. बुलडाणा तालुक्यातलं हे मोठं गाव विदर्भाच्या कडेला, मराठवाड्याला लागून आहे. शहरातला वाचक पुस्तकांच्या दुकानात तासभर रेंगाळून, पानं चाळून निवड करतो. गावातल्या वाचकाला आधी नाव कळावं लागतं. नाव कळलं की पुस्तक बुलडाण्याहून किंवा संभाजीनगरहून कुणाबरोबर तरी मागवता येतं, मोबाइलवरूनही बोलावता येतं. पण मागवायचं काय, हे सांगणारं माणूस हवं.

आणि अद्भुताला हा मुलूख काही परका नाही. अजिंठ्याची लेणी इथून फार लांब नाहीत. तिथल्या सतराव्या लेण्यात सिंहलाची कथा रंगवली आहे: गलबत फुटून बेटावर लागलेले व्यापारी, सुंदर स्त्रियांचं रूप घेतलेल्या राक्षसिणी आणि आकाशातून सुटका करणारा घोडा. खुद्द बुलडाणा जिल्ह्यात लोणार आहे. लवणासुराचा विष्णूने इथे वध केला, ही पुराणकथा आजी सांगते. उल्का काळ्या कातळावर आदळली आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर पडलं, हे भूगर्भशास्त्र सांगतं. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं. खारटपणा वाढला की रंगद्रव्य तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तसं झाल्याचं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसलं. एकाच खड्ड्याच्या काठी पुराणकथा आणि विज्ञान दोन्ही उभी आहेत. इथल्या मुलाच्या हातात विज्ञानकथा द्यायला याहून चांगलं निमित्त कोणतं?

शिफारशीवाचून पुस्तकाचं काय होतं, याची एक जुनी गोष्टही याच टापूतली आहे. पैठणच्या, म्हणजे जुन्या प्रतिष्ठानच्या, सातवाहन राजाच्या दरबारी गुणाढ्य होता. परंपरा सांगते की त्याने पैशाची भाषेत, स्वतःच्या रक्ताने, सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ लिहिली. राजाने ती भाषा हिणकस ठरवून ग्रंथ नाकारला. गुणाढ्य डोंगरावर गेला, अग्नी पेटवला, एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवू लागला आणि वाचून झालेलं पान जाळू लागला. चरणं सोडून जनावरं ऐकत उभी राहिली. इकडे राजाच्या ताटात वाळकं मांस येऊ लागलं. चौकशी झाली, पारध्यांनी डोंगरावरचा प्रकार सांगितला, राजा धावत गेला. तोवर सहा लाख श्लोक राख झाले होते. उरलेल्या एका लाखाची परंपरा पुढे अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’पर्यंत पोचली. दरबाराला जे कळलं नाही ते राजापर्यंत नेलं जंगलात हिंडणाऱ्या पारध्यांनी.

दुसरी गोष्ट अगदी अलीकडची. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखक: नारायण विनायक जगताप. परीक्षकांनी तिला पहिलं बक्षीस दिलं. हे नाव जयंत विष्णु नारळीकरांनी आपली आद्याक्षरं उलटी करून घेतलं होतं; नामवंत खगोलशास्त्रज्ञाचं नाव पाहून कुणी झुकतं माप देऊ नये, ही त्यांची इच्छा. पुढे ‘किर्लोस्कर’चे संपादक मुकुंदराव किर्लोस्कर यांनी त्यांच्याकडून कथा मागवल्या. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी व्यासपीठावरून या विज्ञानकथांची दखल घेतली. लोककथांच्या एवढ्या मोठ्या अभ्यासकाने विज्ञानकथेकडे बोट दाखवावं, ही त्या काळातली मोठी शिफारस होती. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकच्या संमेलनाचं अध्यक्षपद नारळीकरांकडे आलं. २० मे २०२५ रोजी ते गेले.

बाहेरच्या जगातही हाच अनुभव आहे, आणि तिथे शिफारस करणारी कित्येकदा मुलंच होती. लंडनचे प्रकाशक स्टॅन्ली अन्विन मुलांसाठी आलेली हस्तलिखितं आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला देत आणि अभिप्रायाबद्दल एक शिलिंग देत. रेनरने ‘द हॉबिट’ला पसंती दिली आणि १९३७ मध्ये टॉल्किनचं ते पुस्तक निघालं. ‘हॅरी पॉटर’ची पहिली प्रकरणं ब्लूम्सबरी प्रकाशनाच्या प्रमुखांनी आपल्या आठ वर्षांच्या मुलीला, अ‍ॅलिसला, दिली. ती वाचून तिने पुढचं मागितलं. आज टॉल्किनची मुद्रिकांवरची कादंबरी मुग्धा कर्णिकांच्या अनुवादातून ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मराठीत आहे आणि हॅरी पॉटरही मराठी बोलतो. अमेरिकेत १९२६ मध्ये ह्यूगो गर्न्सबॅकने ‘अमेझिंग स्टोरीज’ हे विज्ञानकथांचं मासिक काढलं. वाचकांची पत्रं तो त्यांच्या पत्त्यांसकट छापू लागला. त्या पत्त्यांवरून वाचकांनी एकमेकांना पत्रं लिहिली, मंडळं काढली, आणि १९३९ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. आजही ह्यूगो पुरस्कार या संमेलनाच्या सभासदांच्या मतांवर ठरतो.

आपल्याकडे अशी मंडळं कमी असली तरी कामं झाली आहेत. नाशिकच्या विनायक रानडे यांनी कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेत पुस्तकांच्या पेट्या वाचकगटांपर्यंत पोचवल्या. गट पेट्यांची अदलाबदल करतात आणि तीच पुस्तकं नव्या हातांत जातात. सातारा जिल्ह्यातल्या भिलारला ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचं गाव उभं राहिलं, तिथे घराघरांत विषयवार पुस्तकं मांडली आहेत. निरंजन घाटे यांनी ‘वाचत सुटलो त्याची गोष्ट’मध्ये आयुष्यभराचं वाचन मांडलं, विज्ञानकथा, रहस्यकथा, साहसकथा यांना त्यात मानाने जागा आहे. ज्याला कुणी सांगणारं भेटत नाही, त्याने ते पुस्तक जवळ ठेवावं.

पुस्तक सुचवण्यातही कसब आहे. स्वतःला आवडलेलं पुस्तक सगळ्यांच्या माथी मारलं की समोरचा दोन पानांत ते मिटतो. ओळखायचं असतं ते माणूस. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न द्यावा: ‘चंद्रावर स्वारी’, ‘पाताळलोकची अद्भुत सफर’, ‘समुद्र सैतान’. सोबत फास्टर फेणे असला तर उत्तमच. विज्ञान रुक्ष वाटतं म्हणणाऱ्या नववी-दहावीच्या मुलीला नारळीकरांचं ‘यक्षांची देणगी’ द्यावं. सिंदखेडराजाच्या जिल्ह्यात इतिहासवेडे खूप. त्यांनी नारळीकरांचीच ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा वाचावी. पानिपतावर मराठे जिंकले असते तर, या कल्पनेवरच्या त्या कथेचं इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात आहे, त्यामुळे कॉलेजच्या मुलांना ते मराठीशी ताडूनही पाहता येईल. विज्ञानामुळे माणसाचं काय होईल, हा प्रश्न ज्याला पडतो त्याला सुबोध जावडेकरांचं ‘गुगली’ किंवा लक्ष्मण लोंढ्यांचं ‘दुसरा आइन्स्टाइन’ द्यावं. रात्री जागून वाचणाऱ्याला धारपांचं ‘लुचाई’. आणि पुस्तक देताना शेवट सांगू नये, कशामुळे ते खाली ठेववलं नाही एवढंच सांगावं.

महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. त्याखाली मान्यता मिळालेल्या अ, ब, क, ड वर्गांतल्या वाचनालयांना अनुदान मिळतं आणि त्यातून पुस्तकखरेदी होते. खरेदीची यादी करणाऱ्यांना वाचकांना काय हवं ते कळत नाही, कारण बहुतेक वाचक मागतच नाहीत. धाडच्या आणि आसपासच्या गावांतल्या वाचकांनी पुढच्या वेळी पुस्तक बदलायला जाताना एका कागदावर चार नावं लिहून ग्रंथपालांच्या हाती द्यावीत: भागवत, नारळीकर, धारप, जावडेकर. पुस्तकं आली की वाचून झाल्यावर ती शेजारच्या मुलाला दाखवावीत, आणि त्याला काय आवडलं हे त्याच्याकडून ऐकून घ्यावं.